बातमीखालचं गाऱ्हाणं

त्या वर्षी आचऱ्यातल्या आमच्या वाडीतला एक मच्छीमार वाऱ्यात होडी उलटून गेला. माझा लहानपणापासूनचा सोबती. बातमी मीच दिली. मालवणच्या सायबर कॅफेत बसून, डोळे पुसत टाइप केली. आमच्या पेपरची वेबसाइट नुकतीच सुरू झाली होती आणि बातमीखाली कोणीही उठून काहीही लिहावं, अशी नवी सोय तिथे होती.

दुसऱ्याच दिवशी कोणीतरी लिहिलं, ‘दारू पिऊन होडीत बसल्यावर दुसरं काय होणार? आम्ही गावातलेच, आम्हाला सगळं ठाऊक.’ खाली सही, ‘गावचाच एक’. त्याखाली मुंबईपासून दुबईपर्यंतच्या लोकांनी मच्छीमारांच्या व्यसनांवर प्रवचनं झोडली. माझ्या सोबत्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. वरातीतही तो सरबत मागायचा, आणि आम्ही त्याला भटजी म्हणून चिडवायचो.

त्याच्या बायकोला हे तिच्या मुंबईच्या भावाने फोनवर सांगितलं. मासळीची पाटी डोक्यावर तशीच घेऊन ती माझ्या घरापुढच्या खळ्यात उभी राहिली.

“भावजी, ह्यां तुमी लिवलात?”

“नाय गो वयनी. वाचणारे लिवतत.”

“बातमी तुमची, पेपर तुमचो. मगे पुसून टाका.”

मी ऑफिसला फोन लावला. पलीकडचा पोरगा हसत म्हणाला, “काढता नाही येत हो. आणि कशाला काढायचं? तुमची बातमी आज सगळ्यात वर आहे. अशाच पाठवत जा!” इतकी वर्षं मी जेटी, एसटी, पाण्याची टाकी यांवर बोटं झिजवली, तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. माझं डोकंच फिरलं. मग मी स्वतःच बातमीखाली लिहिलं, की हा माणूस पीत नव्हता, मी त्याला जन्मभर ओळखतो. लगेच उत्तर आलं, ‘पत्रकारसाहेब, तुम्हालाही बाटली पोचली वाटतं!’

आमच्याकडे सगळे उपाय थकले की माणूस देवळात जातो. ज्याने नावं ठेवली त्याचं नाव घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे तो आपणहून पुढे येतो, असा विश्वास. तीही गेली. वाडीतले सगळे जमले.

“कोणाचा नाव घेव?” गुरवाने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून म्हणालो, “गावचोच एक.”

“ह्यां काय नाव झाला?” गुरव वैतागला. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने हात जोडले. “बा देवा महाराजा, ज्या कोणी ह्या बायेच्या घोवाचा नाव खराब केल्यान, तेका तुझ्या पायाकडे उभो कर रे महाराजा!”

“होय महाराजा!” आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

नारळ फोडला, तो आतून नासका निघाला. गुरवाने चटकन बाजूला सारला. मागच्या लोकांना कळलंही नाही. अगदी पुढे उभे असलेल्यांनाच काय तो दिसला.

दुसऱ्या दिवशी बातमीखाली नवी ओळ होती. ‘नारळ नासका निघाला ना? देवालाही ठाऊक आहे.’ सही तीच.

संध्याकाळी बाजारात तिने नेहमीसारखं विचारलं, “काय लिवल्यान आणि?” कोणाकडून तरी तिला कळणारच होतं. मी सांगितलं. तिच्या हातातला बांगडा हातातच राहिला.

“म्हंजे तो थंयच उभो होतो,” ती सावकाश म्हणाली. “आमच्या वांगडा तेना पण ‘होय महाराजा’ म्हटल्यान.”

त्यानंतर मी ऑफिसला कितीदा फोन केले, हातापाया पडलो, ती ओळ काही हलली नाही.

ती अजून त्याच जागी मासे विकायला बसते. मासे हातात देण्याआधी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नीट बघते. माझ्याही.