विंगेतून दिलेलं वाक्य

हे मी यजमानांनासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि त्यांना तर मी भाजीत मीठ जास्त पडल्याचंही आपणहून सांगते. मग तुम्हांला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही तिचे सिनेमे पाहिले असणार — म्हणूनही असेल.

तिचं पडद्यावरचं नाव घेत नाही. पोफळीच्या कॉलनीत ती छबू होती. वडील वीजघरात ऑपरेटर, आमच्या मागच्याच ओळीत क्वार्टर. गणपतीतल्या नाटकात नायिकेचं काम आधी माझं होतं. तीन आठवडे तालमी केल्या. मग दिग्दर्शकांनी एकदा छबूला वाचायला लावलं, आणि मला म्हणाले, "तुला सगळं नाटक पाठ आहे, तू प्रॉम्प्टिंग कर." मी हसून हो म्हटलं. राग आला होता का? अंगाचा तिळपापड झाला होता.

तिसऱ्या अंकात नवरा गेल्याची तार येते. त्याआधी नायिका दाराकडे बघत नुसती उभी राहते. प्रयोगाला छबू तिथे थांबली — तालमीत थांबायची त्याहून जास्त. सगळा मांडव गप्प. आणि मी — हातात वही, पान बरोबर उघडलेलं — तिला विंगेतून तारेनंतरचं वाक्य दिलं.

ती विसरली नव्हती हो. थांबली होती. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण विंगेतून आवाज आला की नट त्याच्यावर विश्वास ठेवतो. तार यायच्या आधीच ती कुंकू पुसल्याचं बोलली. मागून कोणीतरी ओरडलं, "अगो बाय, आधी तार तरी येऊंदे!" मांडवात हशा पिकला. तिचे वडील पहिल्या रांगेतून उठून गेले. माझी चूक झाली, एवढं तरी मी म्हणायचं, नाही? मी तिचे डोळे पुसले, आणि गप्प बसले.

पुढे ती मुंबईला गेली, मोठी झाली. सिनेमात रीटेक असतो. नाटक मात्र तिने कधीच केलं नाही. मुलाखतीत विचारलं की एकच उत्तर — "माझं पाठांतर कच्चं, ऐन वेळी विसरते." हे मी किती वेळा ऐकलं असेल? ऐकायचं, टीव्ही बंद करायचा, कुकर लावायचा.

पण हे झालं जुनं. सांगायचंय ते गेल्या वर्षीचं. रत्नागिरीत तिचा सत्कार होता. तिने आग्रहाने मला व्यासपीठावर बसवलं. "ताईंनी वेळेवर वाक्य दिलं होतं, मीच विसरले आणि भलतंच पुढचं बोलले," असं सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला. नंतर चहाच्या वेळी ती खुर्ची सरकवून जवळ आली. "ताई, एका नाटकासाठी विचारतायत. जन्मभर वाट पाहिली अशी भूमिका आहे. तुम्ही मला स्टेजवर पाहिलंय. खरं सांगा, जमेल मला?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. तिला जमलं असतं — माझ्याइतकं हे कुणाला माहीत होतं? मी म्हटलं, "या वयात कशाला गो विषाची परीक्षा?"

तिने कप खाली ठेवला. माझा हात दाबून म्हणाली, "बरं झालं तुम्हांला विचारलं." महिन्याभरात त्या नाटकाची जाहिरात आली, दुसरीच्या नावाने.

पहिल्या वेळी माझी भूमिका गेली होती. या वेळी माझं काहीच गेलेलं नव्हतं.