उरलेली मेथी

माझी बायको शिलाई मशीनवरून उठताना भिंत धरते, हे आधी मुलीच्या लक्षात आलं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराला दोन खोल्या आहेत, त्यामुळे कोण काय धरून उठतं हे तिथे फार काळ लपत नाही. बायको साड्यांना फॉल लावते, ब्लाऊज शिवते. मी एका खासगी हायस्कुलात मराठी शिकवतो. मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि घरातले बाकी सगळे सणवार तिच्या फीच्या तारखा बघून साजरे होतात.

आम्ही बायकोला टिळकवाडीतल्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडम मूळच्या निपाणीच्या. त्यांची आई तिथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, हे त्या स्वतःच सांगतात, आवाज जराही न बदलता. रक्त तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या की हिमोग्लोबिन फारच खाली आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हणून बजावलं, आणि पालेभाजी, कडधान्य, अंडी खा, वर लिंबू पिळा, असं सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर वाढलं नाही तर शिरेतून औषध द्यावं लागेल, म्हणजे दवाखान्यात येऊन पडावं लागेल.

बायकोने यातलं फक्त शेवटचं ऐकलं. तिला दवाखान्याची भीती नव्हती, पण लग्नसराईची ब्लाऊजं शिवून द्यायची होती. गोळ्या ती नेमाने घेऊ लागली, कारण त्या विकत आणलेल्या होत्या आणि विकत आणलेली वस्तू ती वाया घालवत नाही. जेवणाचं मात्र काही जमेना.

मी आधी सुशिक्षित माणसाने करायच्या सगळ्या चुका केल्या. औषधाच्या दुकानातून शक्तिवर्धक पावडरीचा डबा आणला. डब्यावर एक चौकोनी कुटुंब हसत होतं. किंमत बघून बायको म्हणाली की एवढ्या पैशात आपणही हसलो असतो, आणि ते कुटुंब दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर परत जाऊन बसलं. खजूर आणला, तो मुलीच्या डब्यात निघाला. अंडी आणली, त्यांचे अर्धे भाग माझ्या आणि मुलीच्या ताटात पडले आणि बायकोच्या ताटात नुसता रस्सा. विचारलं तर म्हणायची, मी करताना खाल्लं. स्वयंपाक करताना अंडं खाणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

मग एका रविवारी मी जाहीर केलं की आजपासून आधी तिने जेवायचं आणि मग आम्ही. घोषणा करून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शिक्षकाला दोन माणसं समोर दिसली की राहवत नाही. मी घरच्या बाईच्या आहाराविषयी चार शब्द बोललो. ते चार शब्द बरेच लांबले असावेत, कारण ती मध्येच म्हणाली, “भाषण संपलं असंल तर सरका जरा. भाकरी करपायलीय.”

तरी ती बसली. आम्ही दोघं समोर उभे राहून तिच्याकडे बघत होतो, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसे. तिने अर्धी भाकरी चटणीशी खाल्ली, एकदा गॅस बघायला उठली, एकदा पाण्याला उठली, तिसऱ्यांदा उठली ती पोट भरलं म्हणून. आधी जेवायचं कसं हेच तिला येत नव्हतं. ज्या घरात ती वाढली तिथे बायका शेवटी जेवायच्या, आणि माझ्या घरातही काही वेगळं चाललं नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलीने मला बाहेर बोलावून सांगितलं, “आप्पा, आई भूक लागली म्हणून जेवत न्हाय. वाया जाईल म्हणून जेवती.”

मी कॉलेजची फी भरतो त्याचं पहिल्यांदा सार्थक वाटलं. मुलीचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सकाळची भाकरी उरली तर आमच्याकडे संध्याकाळी तिचा फोडणी घालून कुस्करा होतो. भात उरला तर सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. उरलेल्या दुधाचं दही होतं, दह्याचं ताक होतं, ताकाची कढी होते. या घरात पदार्थाला मरण नाही, फक्त पुढचा जन्म आहे. अपवाद एकच, पालेभाजी. बायकोच्या खानापूरकडच्या माहेरचा कडक नियम आहे की शिजवलेली पालेभाजी रात्र ओलांडू द्यायची नाही, बाधते. फ्रिज आल्यावरही नियम बदलला नाही. फ्रिज कंपनीने केला आहे आणि नियम तिच्या आईने, तेव्हा वाद मिटला. म्हणजे रात्री पालेभाजी उरली तर ती त्याच रात्री कुणीतरी संपवायला हवी, आणि ते कुणीतरी कोण, हे ठरलेलं होतं.

आता प्रश्न फक्त भाजी उरवायचा होता. पण ती उरण्याइतकी आणायची कशी? आमच्याकडे बाजार मोजून होतो. मी मेथीची एक जुडी जास्त आणली असती तर तिने ओट्यावर ठेवतानाच ओळखलं असतं की डाव आहे. भाजी फुकट यायला हवी होती.

आमच्या भागात हिवाळा हा साहित्य संमेलनांचा हंगाम आहे. बेळगावच्या आसपास गावोगावी मराठी संमेलनं भरतात. मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, आणि मग माझ्यासारखे वक्ते बोलतात. मोठे वक्ते पुण्याहून येतात, त्यांना गाडीभाडं मिळतं. जवळच्यांना शाल आणि नारळ. नारळाचं ठीक आहे, तो कालवणात जातो. शालींचं काय करायचं हा आमच्या घरातला जुना प्रश्न आहे. एक शिलाई मशीनवर पांघरलेली आहे, दोन गोधडीत शिवल्या गेल्या. त्या इतक्या पातळ असतात की अंगावर घेतली तर थंडी अडवण्याऐवजी ती कुठून येते हे कळतं.

खानापूरच्या बाजूच्या एका गावातून मला त्या आठवड्यात आमंत्रण आलं होतं. तिथल्या वाचनालयाचा सेक्रेटरी सकाळी शेतात असतो, दिवसा मच्छे गावच्या कारखान्यात पाळी करतो आणि उरलेल्या वेळात संमेलन भरवतो. मी त्याला फोन करून सांगितलं की शाल-नारळ नको, शेतात मेथी असेल तर ती द्या. त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तो अवघडून म्हणाला की सर, मेथी लई हाय, पण स्टेजवर कसं दिसंल? मी म्हटलं, स्टेजवर देऊ नका, जाताना पिशवीत घाला. त्याने कमिटीला विचारतो म्हणून फोन ठेवला.

कमिटीला ते मान्य झालं नाही. सत्कार तो सत्कार. माझं भाषण संपल्यावर दोन तरुण वेताची टोपली घेऊन स्टेजवर आले. टोपलीत मेथीच्या जुड्या रचल्या होत्या आणि टोपलीला झेंडूचा हार घातला होता. निवेदकाचं ‘शाल व श्रीफळ देऊन’ हे वाक्य पाठ होतं. ते सुरू झाल्यावर त्याची नजर टोपलीवर गेली, आणि थोडं अडखळून त्याने ‘मेथी देऊन यथोचित सन्मान’ असं ते पूर्ण केलं. मांडवात मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला त्या वाजल्या नव्हत्या. अध्यक्षांनी टोपलीचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि फोटोग्राफरने दोघांना मेथीकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने कानडीत भाव विचारला. मी विकायची नाही म्हटल्यावर त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

घरी बायकोने टोपली बघितली. कशाला एवढी, असं म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण सत्काराची म्हटल्यावर मिटलं. दोन जुड्या शेजारी दिल्या, बाकीच्या निवडायला घेतल्या. रात्री लसूण घालून परतलेल्या मेथीचा वास सगळ्या बोळात गेला. आणि इथे मला एक सांगायला हवं. मेथीची भाजी हा माझा जीव की प्राण आहे. लग्नानंतर सासरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी इतकी मेथी खाल्ली होती की सासूबाईंना वाटलं जावयाला घरी भाजी मिळत नसावी.

त्या रात्री मी दोन घास खाऊन हात थांबवला आणि पोट भरल्याचं सांगितलं. बायकोने शाळेत कुणाचा वाढदिवस होता काय म्हणून चौकशी केली. मुलगी माझ्यापेक्षा चांगली नटी निघाली. उद्या प्रॅक्टिकल आहे, जड खाल्लं की झोप येते, असं म्हणून तिने जांभईसुद्धा दिली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत जाऊन पुस्तकं उघडून बसलो आणि कान आतल्या खोलीकडे लावले. आधी आमच्या नावाने थोडी बडबड ऐकू आली. मग कढईत भाकरीचा तुकडा फिरल्याचा आवाज आला. मग लिंबू कापल्याचा. मुलीने माझ्या हातावर टाळी दिली.

पुढे हे चालूच राहिलं. मेथीच्या सत्काराची बातमी संमेलनांच्या वर्तुळात पसरली. दुसऱ्या गावाने तांबडा माठ आणि शेपू दिला. तिसऱ्याने ‘त्या गावापेक्षा आपण कमी नको’ म्हणून शेताच्या कडेचा अख्खा मसूर पिशवीभर दिला, वर एक भोपळा. काही वक्त्यांनी साहित्याची अवहेलना होते आहे अशी तक्रार केल्याचं कानावर आलं. त्यांच्या घरी बहुधा शाली कमी असाव्यात. मी मात्र भाषणं छोटी करू लागलो, कारण ताज्या भाजीला ऊन लागू नये. श्रोत्यांनीही त्याबद्दल आभार मानले.

दीड महिना मी मेथीसमोर बसून दोन घास खाऊन उठलो. शेपूचं दुःख नव्हतं, शेपू मी तसाही आनंदाने उरवला असता. बायको आता उठताना भिंत धरत नव्हती. मशीनवर बसल्या बसल्या गाणं म्हणू लागली होती, आणि मला ऐकवायचे टोमणे पूर्वीच्या धारेवर आले होते.

ठरल्या दिवशी रक्त तपासलं. मॅडमनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि छान हसल्या. चांगलं वाढलंय, शिरेतलं औषध नको, गोळ्या सांगेन तोवर चालू ठेवा, म्हणाल्या. मग विचारलं की गोळ्यांबरोबर खाल्लं काय काय?

बायको पदर सावरून म्हणाली, “ह्यांचं उरलेलं.”

मॅडमचं हसू गेलं. त्या माझ्याकडे वळल्या. त्या मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “सर, माझी आई वखारीतनं येऊन सगळ्यांचं उरलेलं खायची. आम्ही शिकलो ते हे बंद व्हावं म्हणून. तुम्ही तर शिक्षक.”

मी तोंड उघडलं. खरं सांगावं तर बायको शेजारी बसलेली, डाव उघडा पडणार आणि उद्यापासून पुन्हा अर्धी भाकरी. न सांगावं तर बेळगावातला एक नंबरचा खादाड आणि स्वार्थी नवरा म्हणून दवाखान्यात नोंद होणार. मी मान खाली घालून, पुढे काळजी घेईन म्हणालो. मुलीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, तिचे खांदे हलत होते. बायको देवळात बसावं तशी शांत बसली होती.

जिन्यात मात्र तिला आवरेना. ती कठड्याला धरून हसत बसली, आणि मला क्षणभर वाटलं की तिला चक्कर आली. मग ती म्हणाली, “माझ्या आईच्या हातची मेथी कढईसकट संपवलेला माणूस दोन घासात उठतो व्हय? दुसऱ्याच दिवशी कळलं मला.”

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

ती पदराने डोळे पुसत दोन पायऱ्या उतरली. “तुम्ही दोघं एवढं मन लावून नाटक करायलासा, म्हटलं चालू दे. आणि माझ्यासाठी कोणतरी मागं ठेवायलंय, ते बघून बरं वाटायचं.”

यावर मुलीने माझी चेष्टाही केली नाही. तिघं चालतच घरी आलो. वाटेत बायकोने स्वतःच्या पैशांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, भाव करून. मॅडमना खरी हकिगत मुलगी जाऊन सांगणार असं ठरलं, पण बायको म्हणाली की घाई नको, ह्यांना ओरडा बसला तो काही वाया गेला नाही.

रात्री तिने तीन ताटं एकदम मांडली. पहिली वाढणी स्वतःच्या ताटात घेतली, भरपूर, आणि त्यावर लिंबू पिळलं. मग भाजीचा डाव माझ्या ताटावर धरून विचारलं की आज भूक आहे का. मी ताट पुढे केलं. दीड महिन्यानंतर पोटभर मेथी खायला मिळत होती, त्यामुळे मी मान वर केली नाही, आणि तिसरी भाकरी मोडताना कळलं की कढई आपल्या जागेवर नाही. ती बायकोच्या मांडीशी होती, आणि बायको भाकरीच्या तुकड्याने कडेला चिकटलेली शेवटची पानं पुसून घेत होती.