टाळूवरचा डाग

थोरल्या जावेला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तेव्हा आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. लेक पाचवीत होती. सकाळी उठली की तिचं डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. नागपूरला दाखवलं, तर मेंदूत गाठ निघाली, आणि तिच्यामुळे आत पाणी साचलेलं. डॉक्टर म्हणाले, कवटी मोठी उघडायची गरज नाही. लहानसं भोक पाडून दुर्बिणीनं पाण्याला वाट करून देऊ, गाठही काढू. पण उशीर नको, पाण्याच्या दाबानं नजर जाते.

आम्ही नवराबायको रक्त देणारी माणसं जमवायला निघालो आणि लेकीला राजुऱ्याला जावेकडे ठेवलं. आमच्याकडे लेकरू उलट्यांनी सुकलं की डाग देतात. जावेनं डाग देणाऱ्याला घरी बोलावलं, विळा लाल केला आणि पोरीच्या टाळूवर टेकवला. वर मलाच ऐकवते, "तुले काय समजते? आता बरी होते का नाई, पाह्यजो."

जखम पिकली, ताप चढला. अंगात पू असताना डॉक्टर मेंदूत हात घालायला तयार होईनात. ऑपरेशन लांबलं. शेवटी झालं, गाठ निघाली, पोर वाचली. पण तोवर डावा डोळा गेला होता. मी मनाशी म्हटलं, बाई, तुमचीही वेळ येईल.

आली. जावेच्या मुलीचं लग्न निघालं. हळद लावायला काकी हवीच, म्हणून मी गेले, अगदी हौसेनं गेले. लेकीचे केस मागं ओढून घट्ट बांधले. दुर्बिणीची खूण शोधूनही सापडत नव्हती. विळ्याची मात्र लांबून दिसत होती, तिथं केस उगवलेच नव्हते. जाऊ कानाशी लागली, "ओढणी घ्याले सांग ना तिले डोक्यावर." मी ऐकलंच नाही.

नवऱ्या मुलाकडच्या एका बाईनं विचारलंच, "आपरेशनची खूण काय हो?"

"नाई बाई," मी मांडवभर ऐकू जाईल असं म्हटलं, "आपरेशनची नाई. हे तिच्या मोठ्या आईनं, माह्या जावेनं दिली. त्याच्यातच डोळा गेला पोरीचा."

मांडवातल्या सगळ्या माना जावेकडे वळल्या. मला इतकं गार वाटलं, काय सांगू! जाऊ हात जोडून पुढं आली. "चुकलं माह्यं. माफ कर मले."

"मले काऊन? तिले मागा," मी म्हटलं. "पण उजवीकडून जा, बाई. डावीकडून गेल्या तर तुम्ही तिले दिसणार नाई."