नायक इतका मठ्ठ कसा?

गोष्टीत कुणी मेलं की झ्याब्लिकोव मास्तर आधी पानं किती उरलीत ते बघायचे. शेवटाआधी दहा पानं असतील तर म्हणायचे, "फार लवकर मारला." रडणाऱ्या बायका त्यांना चालत, पण रडणं कथानकाच्या कामी यायला हवं. "गोष्ट काय सांगते ते विचारू नका, ती रचलीय कशी ते बघा," हे त्यांचं ब्रीद. लेखकाचं आयुष्य, त्याची प्रकरणं, त्याची दुखणी त्यांनी चपलांसारखी उंबरठ्याबाहेर काढून ठेवलेली.

मास्तर वोलोग्दाकडच्या एका खेडेगावातल्या पाद्र्याचे चिरंजीव. क्रांतीनंतरच्या रशियात पाद्र्याच्या घरचा जन्म म्हणजे कपाळावरचा डागच. बेचाळिसाव्या वर्षी ते लेनिनग्राडला एका शाळेत शिकवत आणि गुरुवारी संध्याकाळी ट्राम डेपोत कामगारांचा वाचनवर्ग घेत. डेपोतल्या लोकांचा त्यांच्यावर भारी जीव. मोटार उघडावी तशी ते गोष्ट उघडायचे आणि विचारायचे, "हा खिळा इथं कशाला?"

एका गुरुवारी टेबलावर एक निनावी गोष्ट आली. एका ट्राम कंडक्टर बाईचा समोरच्या खोलीतल्या शिक्षकावर जीव जडलेला. सात बिऱ्हाडांचा फ्लॅट, दाराला घंटा एकच. तिच्या घरासाठी दोनदा, शिक्षकासाठी तीनदा वाजवायची. भावानं बजावलेलं, पाद्र्याच्या पोराला बहीण दिली तर डेपोत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणून उघड काही न बोलता ती रोज मुद्दाम तीनदा वाजवते. शिक्षक दार उघडतो, "तुमच्या दोन, माझ्या तीन," म्हणतो आणि खोलीत परततो. रविवारी तिला मागणी घालणाऱ्या एका गोदामवाल्याला होकार द्यायचा आहे, इथं गोष्ट तुटते.

मास्तरांनी खडू उचलला.

"घंटेचा प्रसंग पाचदा येतो. पुनरावृत्ती! शेवट लांबवायची युक्ती. वा!"

रोज साडेसहाला तीन घंटांना दार उघडणाऱ्या माणसाला हे कळू नये? पण गोष्टीतलं गोष्टीबाहेर शोधायचं नाही हा नियम, आणि नियम पाळावा तर मास्तरांनीच. साडेसहाला आपण नवी कॉलर लावून, पुस्तक घेऊन दाराशीच का बसतो, हेसुद्धा त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"दोष एकच," ते म्हणाले. "नायक इतका मठ्ठ कसा? वाचकाला हे पटत नाही."

"पटतंय हो मास्तर!" मागून म्हातारा मोटरमन येफीम ओरडला. "आम्हाला एकदम पटतंय!"

वर्ग खो खो हसला. पहिल्या बाकावरची ग्लाफिरा तेवढी हसली नाही. मास्तरांच्या समोरच्याच खोलीत राहायची ती. मघापासून रुमालाची गाठ बांधत-सोडत होती, ती आता उभी राहिली.

"कारण तुम्हीच सांगा, वेनियामिन पोर्फिर्येविच," ती मास्तरांना म्हणाली. "पाच महिने घंटा वाजवतेय. मला तरी सापडलं नाही."

खडू मोडला. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"आणि... शेवट?"

"रविवारी. गोदामवाल्याबरोबर."

पाच महिन्यांचं सुख दारात रोज उभं होतं आणि आपण त्याला घंटा मोजून दाखवत होतो, हे मास्तरांना आता कळलं.

"दोष मागे घेतो," ते कसेबसे म्हणाले. "नायक मठ्ठ आहे."

टोपी विसरून ते थेट घरी गेले. सामायिक स्वयंपाकघरात ग्लाफिराचा भाऊ नझार प्रायमस स्टोव्हवर बटाटे परतत होता.

"नझार, मला ग्लाफिराशी लग्न करायचंय."

"तुम्ही पाद्र्याचं पोर."

"आहे."

"मी तिला नाही म्हणून सांगितलं होतं."

"गोष्टीत वाचलं."

नझारनं प्रायमस बारीक केला. "अहो, नाही म्हणायला माझं काय जात होतं? तुम्हाला जन्मात कळणार नाही, याची खात्री होती मला. त्याच भरवशावर डेपोत छाती काढून हिंडतोय. ती कुणाचं ऐकायची नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. आता तुम्हालाही कळलं. मी काय करायचं, सांगा!"

मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि पुसायचं भानही नव्हतं.

"बस, मास्तर," नझार म्हणाला आणि बटाटे दोन ताटल्यांत वाढू लागला. "आधी खाऊन घे. मग गोदामवाल्याला तूच जाऊन सांग. मी नाही जायचा."