भूतानला जायचं वय

गहिनीनाथ मास्तर निवृत्त झाल्यावर पेन्शनरांच्या सहलीतून एकदा भूतानला जाऊन आले होते. तेव्हापासून त्या देशाची सगळी माहिती कडा गावाच्या आसपास त्यांच्याकडेच मिळायची, पण विचारणारं कुणी नव्हतं. दोन हजार तेराच्या दुष्काळात त्यांना गिऱ्हाईक मिळालं. गावच्या महिला दूध सोसायटीतल्या सात बाया! तळ्याला भेगा पडल्या, जनावरं चारा छावणीवर गेली, तरी बायांनी एक दिवस संकलन बंद पडू दिलं नाही, म्हणून दूध संघानं त्यांची अभ्यास सहल काढली होती.

"भूतान म्हंजी भुताचं रान का वो मास्तर?" भामाबाईनं विचारलं.

"अजून नाही. तू गेलीस की होईल," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत सरसावून बसले. "ऐका. मतदान कार्ड मूळचं घ्यायचं. झेरॉक्स दाखवलं की हद्दीवरून परत. सोबत दोन-दोन फोटो. उन्हाळा असला तरी स्वेटर पाहिजे आणि लोकरीचे मोजे तर पाहिजेतच. तिथल्या देवळात चप्पल काढावी लागते, फरशी बर्फासारखी. जेवताना भाजी म्हणून मिरचीच वाढतात. वाटलेली नाही, आख्खी, चीजमध्ये शिजवलेली. तुम्ही आपलं वरण मागायचं. चढावर घाई करायची नाही, दम लागतो. आणि मिश्रीचे डबे घरी ठेवायचे. तंबाखूला बंदी आहे."

"मग दात कशानं घासायचे?" भामाबाईचा चेहरा पडला. "मी न्हाई येत जा."

सगळ्या हसल्या. केसरबाई हसली नाही. ती सोसायटीची चेअरमन, चौथी शिकलेली. ती एकेक गोष्ट वहीत उतरवून घेत होती.

"नदी कुठं लागती, मास्तर?"

"लागत नाही, केसरबाई. सोबतच चालते. दिवसभर रस्त्याच्या कडेनं. आणि काठाला एक घागर दिसणार नाही."

केसरबाईची पेन्सिल थांबली. तीन महिने ती टँकरमागे पळत होती. भांडणं सोडवत होती, कधी स्वतःच भांडत होती. पाणी नुसतं वाहतंय आणि कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, असलं काही तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. आठवडी बाजारातून तिनं मोजे आणले. छावणीतल्या पालात ते घालून बसली, तर म्हशीला पाणी दाखवायचंच विसरली. उभ्या जन्मात स्वतःसाठी तिनं एवढी हौस केली नव्हती.

यादी घेऊन संघाचा कारकून त्रिंबक आला, तो खाली मान घालूनच. "मावशी, तुमच्या कार्डावर वय सत्तावन्न आहे. संघानं पंचावन्नच्या आतल्याच बाया धरल्यात. उंचावरची हवा असते ना."

"अरे, मी अठ्ठेचाळीसची हाय!"

होतीच ती अठ्ठेचाळीसची. सत्तावन्न वय होतं तिच्या सवतीचं. माहेरी, नांदूरघाटच्या शाळेत, हिचं नाव शिवकन्या. सतराव्या वर्षी बद्रीनाथची दुसरी बायको होऊन आली. पहिली बाळंतपणात गेलेली. ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, "केसरच लिहा. बद्रीच्या तोंडात बसलंय, नवं कशाला?" रेशन कार्डावरची केसर तशीच राहिली, मतदार यादीतलीही. पुढं फोटो निघाला तो हिचा, वय मात्र मेलेलीचं चढत गेलं. बोट दाखवून शाई लावून घेताना शिवकन्येला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्रिंबक भला माणूस. त्यानं मार्ग काढला. शाळेचा दाखला आणायचा आणि नवऱ्यानं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. दाखला दोन दिवसांत आला. कडा गावातल्या टायपिंगच्या दुकानात बद्रीनाथनं कागद डोळ्यांजवळ धरला, एकेक अक्षर लावून वाचायला लागला. "माझी पहिली पत्नी केसरबाई ही मयत झाली असून…" तिथं तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथंच थांबला.

"सही इथं, काका," टायपिंगवाला म्हणाला.

"हे तेवढं खोडा."

"तेच तर मुख्य आहे. ते खोडलं तर कागदाला अर्थच नाही."

बद्रीनाथनं पेन ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेला.

केसरबाई दाखला पिशवीत घालून त्याच्या मागं निघाली. छावणीवर आल्या आल्या वैरणीचा भारा तिनं त्याच्या पुढ्यात आदळला. "एकतीस वर्सं झाली! तिचं नाव घेऊन नांदले, तिचं वय घेऊन म्हातारी झाले. कधी काय मागितलं का तुमाला? एक सही देववंना तुमच्यानं?"

बद्रीनाथ खाली बघत वैरण सोडत राहिला. भारा सुटल्यावर म्हणाला, "मी गाडी-बैल घेऊन कारखान्यावर गेलतो. ऊस ओढायला. निघालो तवा ती दारात हुती. पाडव्याला आलो तर न्हाई. भावानं अग्नी दिलता. दिवसकार्य सगळं उरकलतं. कुणी म्हनलं गेली, मी म्हनलं बरं." त्यानं हात झटकले. "शपथेवर लिवायचं हाय तितं. मी तिला मेलेली बघितली न्हाई. न बघितलेलं कसं लिवू?"

भांडायला लागणारे सगळे शब्द केसरबाईच्या तोंडाशी होते. त्यातला एकही त्याला लागू पडेना. एकतीस वर्षं हा माणूस घरात शिरताना केसर म्हणून हाक मारत होता आणि ती ओ देत होती. त्या हाकेत कुणाची वाट बघणं होतं ते तिला आज कळलं. तिनं म्हशीपुढची पाटी सारली आणि उठली.

सहल निघाली त्या दिवशी ती एसटी स्टँडवर वही घेऊन हजर होती. भामाबाईला तिनं सगळं पुन्हा बजावलं. कार्ड कुठल्या कप्प्यात ठेवायचं, देवळाला आपल्यासारखीच प्रदक्षिणा घालायची, आत फोटो काढायचा नाही. आणि मोजे भामाबाईच्या पिशवीत घातले.

"जशी काय चारदा जाऊन आलीस!" भामाबाई म्हणाली. मग आवाज उतरवून, "खरं सांग गं, तू कावून न्हाई येत? बद्रीभाऊ नको म्हनले का?"

सगळ्या बाया खिडकीतून तिच्याकडेच बघत होत्या.

"न्हाई गं," केसरबाई म्हणाली. "त्ये कशाला नको म्हनतील? मलाच झेपायचं न्हाई. सत्तावन्न पुरी झाली की मला."