सोफेवाल्या काकांचा कागद

तर खिळ्यांचं काल सांगायचं राहूनच गेलं. सोफेवाले काका कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे. जिभेने एकेक खिळा पुढे सरकवायचा, ओठांवर आला की दोन बोटांनी उचलायचा आणि हातोडीचा एक ठोका. तेवढ्यात पुढचा खिळा ओठांवर हजर. खाली गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर फोम, वरून ताणलेलं रेक्झिन, आणि कडेने खिळ्यांची अशी सरळ रांग की पट्टी ठेवून बघावी. आता तोंडात खिळे असलेला माणूस बोलणार काय? गिऱ्हाईक विचारायचं, "काका, खुर्ची उद्या मिळेल ना?"

"हं."

"म्हणजे हो?"

"हं हं."

यातला कुठला 'हं' होकाराचा आणि कुठला नकाराचा, ते फक्त त्यांच्या बायकोला कळायचं. ती मागच्या खोलीतून ओरडायची, "परवा म्हणतायत हो! संध्याकाळी या!" गिऱ्हाईक निश्चिंत होऊन जायचं.

ती बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेली आणि तिथून घरी आलीच नाही.

त्यानंतर काकांचं काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. रडले नाहीत, चिडले नाहीत, जेवण टाकलं नाही. पुढ्यात आलं ते खाल्लं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं तीही संपवली. एकदा हातोडी थेट अंगठ्यावर बसली. शेजारचा इस्त्रीवाला ओरडला, "अहो काका, रक्त!" काकांनी अंगठ्याकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं, आणि पुढचा खिळा उचलला. गिऱ्हाइकांचा मात्र घोळ व्हायला लागला. 'हं'चा अर्थ सांगणारं मागे कुणी नव्हतं.

कुणीच नव्हतं असं नाही. मुलगा होता. हा तिच्या पहिल्या लग्नाचा. ती या घरात आली तेव्हा तिच्या पदराला धरून आठ वर्षांचा हा आला. त्याला त्याचे वडील चांगले आठवत होते, ते नुकतेच वारले होते. आई म्हणाली, "यांना बाबा म्हण." पोराने मान खाली घातली. तेव्हा सोफेवाल्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "बाबा त्याचे होऊन गेलेत. मला काका म्हटलं तरी चालेल." त्याचं ऐकून सगळी गल्ली काका म्हणायला लागली. काकांपेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. आता तो तिशीचा झाला होता. सोफ्याच्या पाठीवरची बटणं तो अशी बसवायचा की काकांनी ते काम कधीच सोडून दिलं होतं.

बायको गेल्यावर काकांचा थोरला भाऊ भेटायला आला, सोबत त्याचा मुलगा. भाऊ बसून राहिला. पुतण्या काही बसेना. दुकानात फिरला, माळ्याकडे मान वर करून बघितलं, भिंतीवर टकटक केलं. "काका, हा माळा पाडला ना, तर काय शोरूम होईल इथे!" मग दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे वळून अगदी आपुलकीने म्हणाला, "तुमचं पुढे काय ठरलंय? आजोळचं कुणी आहे का?"

मुलगा चहाचे कप उचलून आत गेला. काकांनी ऐकलं. ऐकून त्यांना राग यायला हवा होता, तो आला नाही. पण एवढं मात्र डोक्यात सरळ उभं राहिलं, की दुकान आपल्या नावावर आहे, आपल्याला पोटचं मूल नाही आणि कागदोपत्री हा आपला कुणी लागत नाही. आपण गेलो की याला आपली हातोडी घेऊन रस्त्यावर उभं राहायची पाळी येणार. दुसऱ्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वकील शोधायला निघाले.

आता वकील काय, डोळे मिटून दगड मारला तरी एखाद्याला लागेल एवढे. पण हवा तो सापडेल तर शपथ! कुणीतरी बाजारातल्या एका वकिलाचं नाव सांगितलं. काका जिना चढून गेले. वकिलांनी फाइलीतून डोकं वर न काढताच विचारलं, "बायको सध्या कुठे राहते?"

"वारली."

"मग काडीमोड कशाला हवाय?"

"काडीमोड नको. मृत्युपत्र करायचंय."

"तिचं? आता?"

"माझं."

वकिलांनी डोकं वर काढलं. "काका, मी नवराबायकोची भांडणं बघतो. मेलेल्या माणसांचं काम आमच्याकडे नसतं."

"मी आहे अजून," काका म्हणाले.

"हो हो, तसं नव्हतं म्हणायचं मला!"

काका जिना उतरले. घरी येताना त्यांच्या मनात आलं, हे सांगितलं की ती पोट धरून हसणार. चपला काढल्या, मागच्या खोलीत गेले, बोलायला तोंडही उघडलं. ओट्यावर धुतलेलं एक पातेलं पालथं घातलेलं होतं. काकांनी तोंड मिटलं, बाहेर येऊन त्यात खिळे भरले आणि अर्धवट राहिलेल्या खुर्चीशी बसले.

दुसरा वकील कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसायचा. एकीकडे फोन, एकीकडे टाइप करणारा, मध्ये पक्षकारांची रांग. मुलगा काकांना स्कूटरवरून सोडायला आला होता. "काका, जपून, पायरी आहे." "काका, चष्मा घेतलात ना?" "काका, मी तिकडे उभा आहे, झालं की हाक मारा." वकिलाने विचारलं, "दुकान कुणाला द्यायचं?" काकांनी लांब उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. वकिलाने नाव विचारलं, आडनाव विचारलं. नातं विचारायची त्याला गरजच वाटली नाही. ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. कागद तयार झाला. "पुढच्या आठवड्यात दोन साक्षीदार आणा, सही करून टाकू. पुढचे कोण?"

काकांनी तो कागद घरी येऊन वाचला. सगळा वाचला. डोळ्यांखालून शब्द गेले, आत एकही उतरला नाही. घडी करून खिशात ठेवला.

आणि त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला, औषधांच्या दुकानाच्या माडीवर जी वकीलबाई बसायची, तिच्याकडून निरोप आला. पक्षकारांना बसायच्या सोफ्याची स्प्रिंग वर आली होती. बाईच म्हणाली, "काका, माझी फी ऐकून लोक दचकत नाहीत, तेवढे सोफ्यावर बसून दचकतात. काहीतरी करा." तिच्या पाटीखालून काका रोज जायचे. पाटीवर लिहिलं होतं 'इच्छापत्र'. काका शोधत होते मृत्युपत्रवाला. दोन्ही एकच, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काकांनी सोफा उलटा केला, तोंडात खिळे घेतले, कामाला लागले. बाईसमोर एक म्हातारी बसली होती.

"आजी, बांगड्या धाकटीला म्हणालात. धाकटी म्हणजे तुमची लेक, की धाकटी सून?"

"अगं, दोघींना मी धाकटीच म्हणते!"

"म्हणा हो. पण उद्या दोघी माझ्या दारात आल्या, तर मी कुणाच्या हातात घालू?"

"इश्श, भांडतील की गं मेल्या!" म्हातारी हसत सुटली. बाईही हसली, पण प्रश्न सोडला नाही. प्रत्येक माणसाचं नाव, नातं, कुणाचा कोण, सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. म्हातारी गेली. काकांनी खिळे तळहातावर काढले.

"बाई, एक कागद बघाल?"

बाईने वाचला. चष्मा वर करून परत वाचला. "हा पुतण्या म्हणजे कोण?"

"पुतण्या? तो थोरल्या भावाचा. दुसऱ्या गावी असतो."

"आणि दुकान त्याला द्यायचंय?"

"नाही नाही. घरी आहे त्याला."

"मग हे नाव कुणाचं?"

"घरी आहे त्याचं."

"काका, म्हणजे नाव याचं आणि नातं त्याचं. 'माझा पुतण्या' लिहिलंय इथे. तुमच्यामागे खरा पुतण्या हाच कागद घेऊन कोर्टात उभा राहील. नाव लिहिताना चुकलं, पुतण्या तर मीच, म्हणेल. निकाल लागेपर्यंत दुकानाला कुलूप. सही केलीत?"

"नाही."

"वाचलं नव्हतंत?"

"वाचलं होतं," काका म्हणाले आणि उलट्या सोफ्याच्या लाकडावरच बसले. ती गेल्यापासून एवढ्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, आणि ती होती भीती. कुलूप लावलेलं दुकान आणि त्याच्यासमोर उभा असलेला पोरगा, आठ वर्षांचा नव्हे, तिशीचा, त्यांना अगदी लख्ख दिसला.

बाईने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो जिन्याखालचा कागद उभा-आडवा फाडून टाकला. नवीन कागद घेतला. नाव विचारलं, जन्म विचारला, आईचं नाव विचारलं. मग पेन थांबवून म्हणाली, "आता नातं. ते सरळ असलं पाहिजे, कुणाला बोट ठेवायला जागा नको. सावत्र मुलगा लिहू? काही जण मानसपुत्र लिहितात, तेही चालतं. तो तुम्हाला काय म्हणतो?"

"काका."

"बघा, तिथेच तर सगळा घोळ झाला. मग मी काय लिहू?"

काकांनी तळहातावरचे खिळे एका दिशेने लावले. मग म्हणाले,

"तो मला काका म्हणतो, ते त्याचं म्हणणं. कागद माझा आहे, आणि मी त्याला मुलगा म्हणतो. माझ्या बायकोचा मुलगा आणि म्हणून माझा मुलगा, एवढं लिहा बाई. सावत्र तेवढं लिहू नका, मी गेल्यावर हे त्यालाच वाचायचंय."