पपांचा आरसा

सांडोर गावचं घर आवरताना आज पपांचा दाढीचा आरसा सापडला. हातात घेतला आणि बोटांना करवंदांचा चीक लागल्यासारखं वाटलं.

मे महिन्याच्या सुट्टीत थोरल्या बहिणीबरोबर मी पहिल्यांदा तुंगारेश्वरचा डोंगर चढले. तिला आम्ही बाय म्हणायचो. शिदोरीत सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी होती आणि वाटेत तोडलेली करवंदं. निघताना आईशी ठरलं होतं, चर्चची बाराची घंटा झाली की तिने गच्चीवरून हा आरसा आमच्या दिशेने चमकवायचा.

माथ्यावरचा कातळ चटके देत होता. खाली वाड्यांची हिरवी पट्टी, तिच्यापलीकडे पांढुरका समुद्र. बायच्या घड्याळात बारा वाजून गेले. डोळे ताणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दिसला गं! आईचा आरसा!" बाय ओरडली.

"मलापण!" मी म्हणाले. मला काहीच दिसलं नव्हतं.

संध्याकाळी आई ओशाळून म्हणाली, "पाहुणे आले गं, आरशाचं विसरूनच गेले."

आम्ही विहिरीवर पळालो आणि हसून हसून खाली बसलो. तेव्हा ती नुसती लबाडी वाटली. माझा उतरलेला चेहरा बघून बाय ओरडली होती, हे आज कळतंय.

आई नाही. बायही गेल्या वर्षी गेली. मघाशी बाराची घंटा झाली तेव्हा मी गच्चीवर जाऊन आरसा डोंगराकडे धरला, हात भरून येईपर्यंत. खोटं का होईना, "दिसला" म्हणणारं तिकडे कुणी नव्हतं.